देणाऱ्याचे नाव : कार्ल्याच्या खांबापासून निवडणूक रोख्यांपर्यंत

कार्ल्याच्या चैत्यगृहात विद्यार्थ्यांना घेऊन गेल्यावर त्यांची नजर आधी वर, लाकडी फासळ्यांच्या छताकडे जाते आणि मग समोरच्या स्तूपाकडे. खांबांवरची अक्षरे दाखवून द्यावी लागतात. ब्राह्मी लिपीतील आणि प्राकृत भाषेतील हे लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. त्यांत काव्य नाही, धर्मोपदेशही फारसा नाही. त्यांत आहेत ती नावे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त, त्याच गावचा सामी नावाचा सुतार, आणि स्वतःला यवन म्हणवणारे अनेक दाते. कोणी खांब दिला, कोणी दरवाजा दिला. नहपानाचा जावई उषवदात याने वलूरकच्या, म्हणजे याच लेण्यांतील, भिक्षूंसाठी एक गाव दिल्याचाही लेख येथे आहे. कोणी दिले, कुठला, काय दिले, एवढेच त्यांत नोंदलेले असते.

गेल्या काही वर्षांत या खांबांपाशी उभे राहिले की आम्हांला एक वेगळाच विचार सुचू लागला आहे. मावळ तालुक्यातील हा अतिप्राचीन मजकूर म्हणजे देणगीदारांची जाहीर यादी आहे. राजाचा जावई आणि गावचा सुतार एकाच भिंतीवर, एकाच लिपीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशा जागी नोंदले गेले आहेत. आपल्या परंपरेत गुप्तदानाचेही मोठे माहात्म्य आहे, हे खरे. परंतु गुप्तदानाचा पुण्यभाव एका अटीवर उभा असतो : देणाऱ्याने परतफेडीची अपेक्षा ठेवलेली नसते. ज्या दानात घेणाऱ्याच्या हाती सत्ता आहे आणि देणाऱ्याचे काम त्या सत्तेपाशी अडलेले आहे, त्या दानाला गुप्तदान म्हणावे काय? राजकीय पक्षांच्या निधीविषयी गेल्या पाऊणशे वर्षांत आपल्याकडे जे कायदे झाले, मोडले, बदलले आणि रद्द ठरले, त्या सर्वांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

या प्रश्नाचा इतिहास शोधायला मावळाबाहेर फार लांब जावे लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी याच तालुक्यात सार्वजनिक कामासाठी पैसा उभारण्याच्या दोन अगदी भिन्न रीती शेजारीशेजारी आकाराला आल्या : एक तळेगावला, दुसरी लोणावळ्याला.

तळेगावची रीत म्हणजे पैसा फंड. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अशी की, प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योगधंद्यांना भांडवल मिळावे. तेव्हाचा पैसा म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग. कल्पना प्रथम हास्यास्पद वाटावी इतकी लहान होती, पण काळे गावोगाव हिंडत राहिले आणि टिळकांनी ती उचलून धरल्यावर तिला बळ आले. या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. जपानात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे काम शिकवले आणि तेथून शिकून गेलेल्या कारागिरांनी देशात ठिकठिकाणी काचधंदा नेला. त्याच तळेगावात त्याच सुमारास प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय चालू होते. ‘ग्रंथमाला’ आणि ‘विश्ववृत्त’ यांचे संपादक म्हणून मराठीच्या अभ्यासकांना विजापूरकर परिचित आहेतच. सरकारी रोषामुळे ते विद्यालय बंद पडले. स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण आणि लोकवर्गणी या तिन्ही गोष्टी त्या काळी एकाच स्टेशनवर उतरत होत्या, असे म्हणायला हरकत नाही.

पैसा फंड हा काही निवडणुकीचा प्रचारनिधी नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे. पण त्याने राजकीय पैशाविषयी एक मूलभूत गोष्ट दाखवून दिली. एक पैसा देणारा माणूस कोण, हे कोणाला ठाऊक नसले तरी काही बिघडत नाही. एका पैशात कोणी कोणाला विकत घेऊ शकत नाही. उलट, जो कारभारी अशा लाखो निनावी हातांतून पैसा घेतो, त्याच्यावर हिशेबाचा बोजा सर्वाधिक असतो. कारण जाब विचारायला एक देणगीदार येत नाही, सारा समाज येतो. पुढे राजकीय चळवळीने हाच कित्ता गिरवला. २३ जुलै १९१६ रोजी टिळकांच्या साठाव्या वाढदिवशी त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण झाली, ती त्यांनी सार्वजनिक कार्यालाच दिली. १९२१ मध्ये बेझवाडा येथे टिळक स्वराज्य फंडासाठी ३० जूनपर्यंत एक कोटी रुपये जमवण्याचे ठरले आणि ते जमले. त्यात चार आण्यांच्या वर्गण्या होत्या, तसे अर्देशीर गोदरेज यांच्यासारख्यांचे तीन लाख रुपयेही होते. हा मोठा आकडा आपल्याला आज ठाऊक आहे तो तेव्हाच जाहीर झाला म्हणून. परकी सरकार डोक्यावर असताना, देणगी दिल्याचा जाच होण्याचा संभव असताना, तो जाहीर झाला, ही गोष्ट पुढच्या युक्तिवादासाठी ध्यानात ठेवावी.

लोणावळ्याची रीत वेगळी. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस अडवून खोपोलीला वीज निर्माण करण्याची जमशेटजी टाटांची कल्पना त्यांच्या पश्चात साकार झाली. फेब्रुवारी १९११ मध्ये लोणावळ्याला धरणाच्या कामाची कोनशिला बसली आणि १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. आजही वळवण धरणाच्या काठाने जाताना त्या उद्योगाची भव्यता जाणवते. येथला पैसाही देशीच होता, पण तो वर्गणीचा नव्हता, भागभांडवलाचा होता. भागधारक पैसा देतो तो नफ्यासाठी, आणि त्याचे नाव कंपनीच्या नोंदवहीत असते. यात वावगे काहीच नाही. प्रश्न निर्माण होतो तो कंपनीचा पैसा राजकारणाच्या दारात येतो तेव्हा. शेजारच्या मुळशी पेट्यात १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांना हा प्रश्न पहिल्यांदा अंगावर घ्यावा लागला : उद्योग राष्ट्रीय आहे, त्याला सरकारचेही पाठबळ आहे, मग जमीन जाणाऱ्याने दाद कोणाकडे मागायची?

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न न्यायालयात आला. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या घटनापत्रात दुरुस्ती करून राजकीय पक्षांना देणगी देण्याचा अधिकार स्वतःकडे घ्यायचे ठरवले. एका भागधारकाने हरकत घेतली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात सरन्यायाधीश एम. सी. छागला यांच्यापुढे गेले. कायदा अशा देणगीला मनाई करत नव्हता, त्यामुळे दुरुस्ती रोखणे न्यायालयाला शक्य झाले नाही. पण परवानगी देतानाच छागला यांनी जे लिहिले, ते त्या परवानगीपेक्षा अधिक काळ टिकले. पक्षाला पैसा पुरवण्याचा प्रयत्न लोकशाहीचे झरेच गढूळ करू शकतो, हा धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचा गळा आवळू शकतो, आणि म्हणून संसदेने यात लक्ष घालावे, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी कलकत्त्याच्या उच्च न्यायालयातही दुसऱ्या एका पोलाद कंपनीच्या अशाच अर्जावर न्या. पी. बी. मुखर्जी यांनी तितकीच कठोर चिंता व्यक्त केली. सर्वत्रिक मताधिकाराची ती दुसरीच निवडणूक होती. रोग अंकुरत असतानाच त्याचे निदान झाले होते, एवढे श्रेय या दोन न्यायालयांना दिले पाहिजे.

पुढचा कायद्याचा इतिहास म्हणजे दार उघडणे आणि लावणे यांचा खेळ आहे. १९६० साली कंपनी कायद्यात २९३-अ हे कलम आले : कंपनीने पंचवीस हजार रुपये किंवा सरासरी नफ्याच्या पाच टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिच्या मर्यादेत देणगी द्यावी आणि पक्षाचे नाव व रक्कम आपल्या हिशेबात दाखवावी. नाव दाखवण्याचे हे बंधन म्हणजे छागलांच्या इशाऱ्याला मिळालेले पहिले उत्तर होते. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदीच आली. पण बंदीबरोबर पर्यायी व्यवस्था आली नाही. पक्षांचा खर्च थांबला नव्हता; थांबली ती फक्त नोंद. देणगी हिशेबाच्या वहीतून उठून काळ्या पैशात गेली. १९८५ मध्ये बंदी उठली आणि नफ्याच्या पाच टक्क्यांची मर्यादा परत आली; २०१३ च्या कंपनी कायद्याने ती साडेसात टक्के केली.

उमेदवाराच्या बाजूने पाहिले तर गोष्ट आणखी उद्बोधक आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ७७ वे कलम उमेदवाराला खर्चाचा हिशेब ठेवायला लावते. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्या उमेदवाराचाच धरला पाहिजे. काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि पक्षाचा खर्च मर्यादेबाहेर ठेवला गेला. याचा परिणाम आपल्या परिसरात कोणालाही पाहता येतो. २००९ पासून मावळ हा लोकसभेचा स्वतंत्र मतदारसंघ आहे. घाटाच्या वरचे मावळ, पिंपरी आणि चिंचवड, खालचे कर्जत, उरण आणि पनवेल अशा सहा विधानसभा मतदारसंघांत तो पसरला आहे. एवढ्या मुलखात २०२४ च्या निवडणुकीत उमेदवाराची खर्चमर्यादा पंचाण्णव लाख रुपये होती. त्याच्या पक्षाला मात्र कोणतीच मर्यादा नव्हती. चहाच्या पेल्याचा हिशेब द्यायचा आणि विहिरीचा नाही, असा हा प्रकार आहे.

महाराष्ट्राने या साऱ्याचा एक धडा फार जवळून गिरवला आहे, आणि तो साहित्याच्या अभ्यासकांनी तरी विसरू नये. १९८० साली मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांच्या पुढाकाराने ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ स्थापन झाले. घोषित हेतू साहित्यिक-कलावंतांना साहाय्य हा होता. ऑगस्ट १९८१ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला. बांधकाम व्यावसायिकांना टंचाईच्या काळात सिमेंटचा कोटा आणि प्रतिष्ठानला देणग्या, यांचा संबंध त्यात मांडला होता. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी हा संबंध मान्य केला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. पुढे फौजदारी प्रकरण वर्षानुवर्षे चालले. त्यात त्यांना शिक्षा झाली नाही, हेही नोंदवले पाहिजे. आपल्या विषयापुरता मुद्दा असा की, हे सारे उघड होऊ शकले ते देणगीच्या तारखा आणि सिमेंटच्या वाटपाच्या तारखा शेजारीशेजारी मांडता आल्या म्हणून. देणाऱ्याचे नाव सापडले नसते तर ते कलावंतांविषयीचे निर्मळ औदार्यच ठरले असते.

भाषेच्या अंगाने पाहिले तर हा उतार शब्दांतही दिसतो. ‘वर्गणी’ या शब्दात वाटून आलेला हिस्सा आहे, शेजाऱ्याबरोबर दिलेला. ‘थैली’ प्रथम कृतज्ञतेने अर्पण केली जात होती. पण मराठीने लवकरच ‘थैलीशहा’ हा शब्दही चलनात आणला. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’मध्ये सत्तेच्या जिन्यांवर पैशाची ये-जा चालते, तीत वर्गणीचा मागमूसही उरलेला नाही. त्यानंतर ‘पेटी’ आणि ‘खोका’ आले : एक लाख, एक कोटी. २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर खोक्यांच्या घोषणा झाल्या. आरोप खरा की खोटा हा वेगळा प्रश्न आहे. परंतु पेटी आणि खोका या दोन्ही शब्दांचा अर्थच मुळी बंद, आत काय आहे ते न दिसणारी वस्तू असा आहे, हे अर्थपूर्ण आहे. वर्गणीची पावती फाडतात. खोक्याची पावती नसते.

पारदर्शकतेसाठी सूचना झाल्या नाहीत असे नाही. १९९० ची गोस्वामी समिती, १९९८ ची इंद्रजित गुप्ता समिती (जिच्यात डॉ. मनमोहन सिंग होते, तसे मुंबईचे खासदार मधुकर सरपोतदारही होते), विधी आयोगाचे १९९९ आणि २०१५ चे अहवाल, यांनी पक्षांच्या हिशेबांविषयी वारंवार लिहिले. २००३ च्या दुरुस्तीने वीस हजार रुपयांहून मोठ्या देणग्यांची यादी निवडणूक आयोगाला देणे आवश्यक झाले. पण एकोणीस हजारांच्या कितीही पावत्या फाडाव्यात, याला प्रतिबंध नव्हता. आणि यादी न देण्याची शिक्षा म्हणजे करसवलत जाणे, एवढीच. जून २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष माहितीच्या अधिकाराखाली येतात असे ठरवले. पक्षांनी तो आदेश पाळला नाही. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष या एका बाबतीत एकमताने वागले.

मग २०१७ साली वित्त विधेयकातून निवडणूक रोखे आले. जानेवारी २०१८ मध्ये योजना अधिसूचित झाली. स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा, पंधरा दिवसांत पक्षाने वटवायचा, आणि देणाऱ्याचे नाव मतदारापासून लपवायचे. त्याबरोबरच कंपन्यांवरील नफ्याच्या टक्केवारीची मर्यादा गेली आणि पक्षाचे नाव जाहीर करण्याचे बंधनही गेले. म्हणजे १९६० पूर्वीच्या स्थितीपेक्षाही आपण मागे गेलो. रिझर्व्ह बँक आणि निवडणूक आयोग दोघांनीही आपापल्या परीने हरकती नोंदवल्या होत्या. योजनेच्या समर्थनार्थ तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांचा युक्तिवाद असा की, नाव उघड झाले तर दुसऱ्या पक्षाच्या रोषाला देणगीदार बळी पडतो, म्हणून तो रोखीकडे वळतो. बँकेतून आलेला पैसा निदान पांढरा तरी असेल.

हा युक्तिवाद थट्टेवारी नेण्यासारखा नाही. सत्ताधाऱ्याचा सूड ही आपल्याकडे काल्पनिक गोष्ट नव्हे. परंतु या योजनेत भीतीवर काढलेला उपाय भीतीच्या उलट दिशेला जात होता. रोखे सरकारी मालकीच्या बँकेतून विकले जात होते. नाव कळू नये असा ज्याच्यापासून धोका, त्याच्याच घरात नावांची वही होती, आणि मतदार तेवढा अंधारात होता. शिवाय घाबरणारा देणगीदार बहुधा लहान असतो. रोखे एक हजार रुपयांपासून मिळत होते. पण एकूण विक्रीच्या मूल्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग एक कोटीच्या रोख्यांचा निघाला. पैसा फंडाचे तत्त्व येथे नेमके उलटे झाले. ज्याचे नाव नसले तरी चालते त्याच्यासाठी पावती, आणि ज्याचे नाव असलेच पाहिजे त्याच्यासाठी पडदा.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रात छागलांच्या १९५७ च्या इशाऱ्याचा उल्लेख आहे. सदुसष्ट वर्षांनी ते टाचण पुन्हा बाहेर काढावे लागले. स्टेट बँकेने मुदतवाढ मागितली, ती नाकारली गेली, आणि मार्चमध्ये देणारे आणि घेणारे यांच्या याद्या प्रसिद्ध झाल्या. २०१८ पासून सोळा हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीचे रोखे विकले गेले होते. मग वृत्तपत्रांनी १९८१ मध्ये केले होते तेच केले : तारखांशेजारी तारखा मांडल्या.

न्यायालय वाईट कायदा पुसू शकते; चांगला लिहू शकत नाही. तो संसदेने लिहायचा आहे. इतिहासावरून त्याच्या मसुद्यात काय असावे, याचा थोडा अंदाज करता येतो. लहान वर्गणी देणाऱ्याला निनावी राहू द्यावे, पण अशा वर्गण्यांच्या एकूण रकमेला मर्यादा असावी. एकाच व्यक्तीच्या वर्षभरातल्या पावत्या एकत्र मोजाव्यात. मोठ्या देणगीचे नाव निवडणुकीनंतर वर्षाने नव्हे, मतदानाआधी मतदाराला कळावे. पक्षाचा खर्च हिशेबात यावा. हिशेब पक्षाने नेमलेल्या नव्हे, स्वतंत्र तपासनिसाने तपासावा, आणि न दिल्यास करसवलतीपेक्षा जड असे काही जावे. आणि नुसती बंदी घालू नये. १९६९ चा अनुभव पुरेसा आहे. हे सारे पक्षांनीच मंजूर करायचे असल्यामुळे ते अवघड आहे. ज्याच्या गळ्यात घंटा बांधायची, तोच येथे सभेचा अध्यक्ष आहे.

एक कबुली देऊन हा लेख संपवतो. काही वर्षांपूर्वी आम्ही काही प्राध्यापक मिळून एक छोटी स्मरणिका काढत होतो. पैसे कमी पडत होते. एका गृहस्थांनी छपाईचा सारा खर्च उचलला आणि आपले नाव घालू नये असे सांगितले. आम्हांला ते फार मोठ्या मनाचे वाटले. आभाराच्या पानावर आम्ही ‘एक हितचिंतक’ असे छापले. पुढच्याच निवडणुकीत ते उभे राहिले, आणि त्यांच्या सभेला विद्यार्थी पाठवावेत असा निरोप आला. आम्ही पाठवले नाहीत. पण नकार देताना आवाज जेवढा स्पष्ट यायला हवा होता तेवढा आला नाही, हे आम्हां सर्वांना ठाऊक आहे. नाव छापले असते तर निरोप आलाच नसता असे नव्हे. पण तो आला तेव्हा आमच्याखेरीज इतरांनाही त्याचा अर्थ कळला असता.

गेल्या हिवाळ्यात कार्ल्याला गेलो असताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, या सुताराने आपले नाव का कोरून घेतले? प्रसिद्धीसाठी?” तसेही असेल. पण ते नाव आहे म्हणून दोन हजार वर्षांनंतर आपण विचारू शकतो की त्याने का दिले. हा प्रश्न विचारता येणे, एवढेच तर आपल्याला नव्या कायद्याकडून हवे आहे.